बेट कुणाचे? : ‘अ स्मॉल प्लेस’च्या निमित्ताने

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मराठीत चांगलाच फोफावला. त्याच्या शैलीविषयी, विनोदाविषयी, निसर्गवर्णनाविषयी आपल्या समीक्षेने पुष्कळ लिहिले. पण हे वर्णन कोण लिहितो आणि कुणाविषयी लिहितो, हा साधा प्रश्न तिने क्वचितच विचारला. जो जाऊ शकतो तो लिहितो. ज्याच्या गावात तो जातो, तो लिहीत नाही. त्याच्या वाट्याला रस्ता दाखवणे येते, ताट वाढणे येते, आणि पुढे छापून आलेल्या वर्णनात ‘हसतमुख’, ‘भोळाभाबडा’ ही विशेषणे येतात. जमैका किंकेड यांच्या ‘अ स्मॉल प्लेस’ (१९८८) या लहानशा पुस्तकाने ही व्यवस्था उलटी केली. ज्या बेटाकडे आजवर पाहिले गेले, त्या बेटाने येथे पाहणाऱ्याकडे पाहिले आहे. आणि हे पाहणे अजिबात सौम्य नाही.

दलित साहित्याच्या वाचकाला काळे साहित्य अपरिचित नाही. म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते आपल्यापर्यंत आणले. १९७२ साली मुंबईत जी संघटना उभी राहिली तिने आपले नावच तिकडून घेतले. पण आपला हा परिचय मुख्यतः अमेरिकेतील काळ्यांचा आहे. कॅरिबियन समुद्रातील लहान बेटे आपल्या नकाशात आली ती क्रिकेटमुळे. व्हिव्ह रिचर्ड्स हा अँटिग्वाचा, एवढे सांगितले की वर्गातली मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात. मग त्यांना सांगावे लागते की त्याच गावात, सेंट जॉन्समध्ये, १९४९ साली एक मुलगी जन्मली; एलेन पॉटर रिचर्डसन हे तिचे नाव; सोळाव्या वर्षी घरच्यांना पैसे पाठवता यावेत म्हणून तिला न्यूयॉर्कला दुसऱ्यांची मुले सांभाळायला धाडण्यात आले; आणि लिहू लागल्यावर १९७३ साली तिने स्वतःचे नाव बदलून जमैका किंकेड केले. (नावात जमैका असले तरी ती जमैका बेटाची नव्हे.) नाव बदलण्याचा अर्थ काय असतो, हे या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

अँटिग्वा हे सुमारे २८० चौरस किलोमीटरचे बेट. १४९३ साली कोलंबस त्याच्या जवळून गेला आणि जाताजाता नाव ठेवून गेला. १६३२ पासून इंग्रजांनी तेथे वसाहत केली, ऊस लावला, आफ्रिकेतून माणसे पकडून आणली. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली. १९८१ च्या १ नोव्हेंबरला देश स्वतंत्र झाला. उसाचा धंदा १९७० नंतरच्या काही वर्षांतच बंद पडला होता. त्याच्या जागी पर्यटन आले. वर्षाचे जितके दिवस तितके आमचे समुद्रकिनारे, अशी जाहिरात हे बेट करीत आले आहे.

किंकेड पुस्तकाची सुरुवात विमानतळापासून करते. पर्यटक उतरतो, टॅक्सीत बसतो, ऊन पाहून सुखावतो. त्याच्या सुखाच्या प्रत्येक वाक्यामागून लेखिका त्याला न दिसलेली गोष्ट सांगत जाते. विमानतळाला पंतप्रधानाचे नाव दिले आहे. शाळेला किंवा दवाखान्याला का नाही दिले? रस्त्यावर महागड्या जपानी मोटारी आहेत, पण त्या चालवणाऱ्यांची घरे पडकी का? ज्या निळ्या पाण्यात तू डुंबणार आहेस त्यात सांडपाणी कुठून येते, हे तुला ठाऊक आहे काय? तुझ्या ताटातले ‘स्थानिक’ अन्न मायामीहून विमानाने आले आहे. सेंट जॉन्सचे ग्रंथालय १९७४ च्या भूकंपात मोडले, त्यावर दुरुस्तीची पाटी लागली, आणि वर्षे गेली तरी पाटी तशीच. पर्यटकाला ती पाटी गमतीची वाटते. त्या ग्रंथालयात वाचायला शिकलेल्या मुलीला ती गमतीची वाटत नाही.

हे सारे ती द्वितीय पुरुषात, पर्यटकाला उद्देशून लिहिते, आणि येथे मराठी वाचकापुढे एक मोठा प्रश्न उभा राहतो. इंग्रजीत एकच सर्वनाम आहे. मराठीत तीन आहेत: तू, तुम्ही, आपण. भाषांतर करणाऱ्याने कोणते वापरावे? माझे काही सहकारी म्हणतात, परक्या पाहुण्याला उद्देशून आहे तेव्हा ‘तुम्ही’ योग्य. मला ते पटत नाही. आपल्या भाषेत हे तीन शब्द केवळ जवळीक आणि आदर दाखवत नाहीत. ते उतरंड दाखवतात. सवर्णाच्या पोराने आमच्या म्हाताऱ्याला ‘अरे’ म्हणावे आणि म्हाताऱ्याने त्या पोराला ‘जी मालक’ म्हणावे, ही आमच्या गावच्या व्याकरणाची रीत होती. किंकेडच्या वाक्यांची सारी ताकद यात आहे की ज्याच्याकडून ‘जी मालक’ अपेक्षित आहे तो माणूस, हातातले ताट खाली न ठेवता, पाहुण्याला ‘तू’ म्हणतो आहे. ‘तुम्ही’ घातले की तो पुन्हा वेटर होईल. ‘आपण’ घातले तर हॉटेलचे माहितीपत्रकच तयार होईल.

पर्यटकाविषयी तिचे म्हणणे काही टीकाकारांना द्वेषाचे वाटले. वस्तुतः तिचा मुद्दा सूक्ष्म आहे. आपल्या घरी, आपल्या कामावर हा माणूस साधा असतो, बराही असतो. दुसऱ्याच्या दारिद्र्याकडे विसाव्याची जागा म्हणून पाहू लागतो तेव्हा तो कुरूप होतो. आणि स्थानिक माणूस त्याचा हेवा करतो, कारण कंटाळा त्यालाही येतो, निघून जावेसे त्यालाही वाटते, पण त्याच्या गाठीला भाडे नाही. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यात फरक संस्कृतीचा नाही, तिकिटाचा आहे. आपल्याकडच्या सौंदर्यवाद्यांनी निसर्गाच्या आस्वादाविषयी जे काही लिहिले आहे, त्यात या तिकिटाचा हिशेब आढळत नाही.

पुस्तकातील एक जागा मला पुन्हा पुन्हा थांबवते. अँटिग्वात एक हॉटेल प्रशिक्षण शाळा आहे. तेथे उत्तम सेवक कसे व्हावे हे शिकवतात, आणि तिचा पदवीदान समारंभ लोक कौतुकाने पाहतात. त्याच लोकांना गुलामगिरीविषयी बोलायला फार आवडते, पण आपली गुलामगिरी, आपली मुक्ती आणि ही शाळा यांतला संबंध त्यांना दिसत नाही, असे किंकेड म्हणते. मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथे पर्यटन आणि आदरातिथ्य हा अभ्यासक्रम शिकवला जातो. त्यात येणारी मुले बहुतेक आमचीच: घरात पहिल्यांदा पदवीपर्यंत पोचलेली. माझे आजोबा येसकरकी करीत, आणि माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. तेव्हा नोकरी देणाऱ्या शिक्षणाची टिंगल करण्याचा अधिकार मी स्वतःला देणार नाही. पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी असलेली नोकरी ही बलुत्याच्या भाकरीपेक्षा कितीतरी वरची गोष्ट आहे. पण एक विचारले पाहिजे. हसण्याचा सराव हा ज्या अभ्यासक्रमाचा भाग आहे, तो आमच्याच मुलांसाठी इतक्या सहजपणे ‘योग्य’ कसा ठरतो? हॉटेल ज्या जमिनीवर उभे आहे त्या जमिनीचा विषय त्या अभ्यासक्रमात का नसतो?

हा दुसरा प्रश्न मी किंकेडच्या पुस्तकालाही विचारू इच्छितो, आणि येथे माझे तिच्याशी थोडे भांडण आहे.

भांडण तिच्या स्वजनांवरील टीकेविषयी नाही. मंत्र्यांचा भ्रष्टाचार, एकाच घराण्याची सत्ता, कामगार चळवळीतून वर आलेल्या पुढाऱ्याचा झालेला संस्थानिक, हे सारे ती नावानिशी सांगते. तेव्हा तेथल्या लोकांना वाटले की ही बाई आपली धुणी परक्याच्या अंगणात धुते आहे. आपल्याकडे आत्मकथने आली तेव्हा हेच वाक्य आपल्याच वस्त्यांतून ऐकू आले होते. त्याचे उत्तर तेव्हा दिले गेले आहे, पुन्हा देत नाही.

माझी तक्रार अशी की या पुस्तकात जमीन ही हरवून गेलेली गोष्ट म्हणून येते. गोऱ्यांनी घेतली, ऊस लावला, ऊस गेला, हॉटेले आली, परकीय श्रीमंतांनी मिल रीफ क्लबसारख्या वसाहती केल्या, ज्यांत काळा माणूस फक्त नोकर म्हणून आत जाऊ शकत असे. अँटिग्वापुरते हे खरेच आहे. पण त्याच देशाचे दुसरे बेट, बार्बुडा, पुस्तकात ओझरते येते. कॉडरिंग्टन घराण्याने तेथे धडधाकट गुलामांची पैदास करून ती विकली, ही दंतकथा लेखिका सांगते आणि पुढे जाते. या कथेला आधार नाही, असे डेव्हिड लोवेन्थाल आणि कॉलिन क्लार्क यांनी १९७७ सालीच दाखवले होते. दंतकथा राहू द्या. तिच्या आड जे झाकले गेले ते अधिक महत्त्वाचे आहे.

बार्बुडा हे सुमारे १६० चौरस किलोमीटरचे सपाट, कोरडे, चुनखडीचे बेट. मातीचा थर पातळ. ऊस तेथे झालाच नाही. कॉडरिंग्टन घराण्याने १६८५ साली ते राजाकडून भाडेपट्ट्याने घेतले आणि १८७० पर्यंत आपल्याकडे ठेवले. अँटिग्वातील मळ्यांना धान्य, जनावरे, लाकूड पुरवण्यासाठी त्याचा उपयोग केला. मळा नव्हता म्हणून मुकादमाचा पहाराही विरळ होता. गुलाम स्वतःच्या तुकड्यांवर पिके काढत, मासे मारत, हरणे मारत. मुक्तीनंतर ते तेथेच राहिले. सारी वस्ती कॉडरिंग्टन या एकाच गावात आणि उरलेले बेट सगळ्यांचे. आज इथे, तीन-चार वर्षांनी दुसरीकडे असा पीक घेण्याचा क्रम, गुरे मोकळी, खारफुटी आणि खाजण यांत शेवंडे आणि मासे, किनाऱ्याच्या वाळूच्या टेकड्या वाऱ्याला आडव्या. कुणाच्या नावावर काही नाही, आणि म्हणून कुणी भूमिहीन नाही. मालकाच्या घराण्याचे नाव गावाला चिकटून राहिले, जमिनीला चिकटले नाही.

‘शाश्वत विकास’ हा शब्द १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालानंतर जगभर झाला. तो शब्द जन्मण्याच्या दीडशे वर्षे आधीपासून गुलामांची मुले बार्बुडावर काय करीत होती, त्याला मात्र कुणी हे नाव दिले नाही. मागासलेपण म्हटले.

मी येथे रम्य चित्र रंगवू इच्छित नाही. तरुण मंडळी नोकरीसाठी अँटिग्वाला जातच होती. बेटाची वाळू दशकानुदशके उपसून बाहेर विकली गेली, आणि त्या पैशावर बेटाचा कारभार चालला. सामाईक मालकी म्हणजे आपोआप शहाणपण नव्हे. पण निर्णय कुणी घ्यायचा, हे तिच्यात ठरलेले होते. २००७ च्या बार्बुडा जमीन कायद्याने ही वहिवाट लिखित झाली: जमीन बार्बुडाच्या लोकांच्या सामाईक मालकीची, ती विकता येणार नाही, आणि मोठ्या प्रकल्पाला भाडेपट्ट्याने द्यायची तर बेटाच्या परिषदेची आणि बहुसंख्य लोकांची संमती हवी.

आता पुढचे पाहा. रॉबर्ट डी नीरो हा हॉलिवूडचा नामांकित नट आणि जेम्स पॅकर हा ऑस्ट्रेलियाचा अब्जाधीश यांना बंद पडलेल्या एका आलिशान हॉटेलाच्या जागी नवे विश्रामधाम उभारायचे होते. त्यांच्यासाठी २०१५ साली अँटिग्वाच्या संसदेने स्वतंत्र कायदा केला आणि जमीन कायद्यातून त्या प्रकल्पाला वगळले. प्रकल्पाचे नाव ‘पॅराडाइज फाउंड’. स्वर्ग सापडला, त्यात आधीपासून माणसे राहत होती, ही अडचण कायद्याने दूर केली.

६ सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा चक्रीवादळ बार्बुडावरून गेले. नव्वद टक्क्यांहून अधिक घरे-इमारती मोडल्या, एक लहान मूल दगावले. दुसरे वादळ येत आहे म्हणून बेटावरची सारी, म्हणजे १६०० ते १८०० माणसे अँटिग्वाला हलवली गेली. तीनशे वर्षांत पहिल्यांदा बार्बुडा निर्मनुष्य झाले. माणसे छावण्यांत असताना दोन गोष्टी घडल्या. रिकाम्या बेटावर नव्या विमानतळासाठी जमीन साफ करायला यंत्रे लागली. आणि सरकारने प्रस्ताव मांडला की प्रत्येक बार्बुडावासीयाने आपला तुकडा एका डॉलरला स्वतःच्या नावावर विकत घ्यावा. नावावर जमीन असली की बँक कर्ज देईल, घर बांधता येईल. पुढच्या काही महिन्यांतच २००७ च्या कायद्याचा कणा मोडण्यात आला.

एक डॉलर ही किंमत मोठी हुशारीची आहे. जी गोष्ट आजवर विकाऊच नव्हती तिला एकदा एक डॉलर किंमत लावली की उद्या तिला दहा लाख लावता येतात. घर मोडलेल्या, कर्जात पडलेल्या माणसाच्या हाती तो कागद किती दिवस राहील, हे आपल्यापैकी ज्यांच्या घरची इनामी जमीन पै-पैने गेली त्यांना विचारावे.

त्यानंतर पाल्मेटो पॉइंट या टोकावर, जागतिक महत्त्वाची पाणथळ म्हणून २००५ साली नोंदलेल्या कॉडरिंग्टन खाजणाच्या परिसरात, धनिकांसाठी घरे आणि गोल्फचे मैदान करण्यात आले. ते करणाऱ्या कंपनीचे नाव शब्दशः ‘शांती, प्रेम आणि सुख’ असे आहे. वाळूच्या टेकड्या सपाट करून कोरड्या बेटावर हिरवळ. या खाजणात फ्रिगेट पक्ष्यांची फार मोठी वसाहत आहे, आणि तिचे चित्र जाहिरातींत झळकते. पक्षी राहिला पाहिजे, खारफुटी राहिली पाहिजे, कारण त्यामुळे खोलीचे भाडे वाढते. तेथे शेवंडे धरणारा राहिला पाहिजे की नाही, याविषयी माहितीपत्रक गप्प असते.

हे वाचताना गायरान आठवल्याशिवाय राहत नाही. महाराष्ट्रात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ ला आणि १९६४-६५ ला भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. कसत असलेल्या गायरान जमिनी नावावर करण्यासाठी १४ एप्रिल १९९० ही मर्यादा ठरली. आणि तरी अनेकांच्या हाती अजून सातबारा नाही. तेव्हा प्रश्न असा पडेल की आम्ही कागद मागत असताना बार्बुडाचे लोक कागद नाकारतात, हे कसे? यात विसंगती नाही. आमच्या गावात सामाईक म्हटलेली जमीनही पाटलाच्या दारातून जाते. बाबासाहेबांना गावगाड्याचे कौतुक नव्हते ते याच कारणाने. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी जमीन राज्याची आणि शेती सामुदायिक, जातिभेद न पाळता, अशी योजना मांडली होती. बार्बुडात पाटील नाही. सारे एकाच दास्यातून आलेले. तेथे सामुदायिक जमीन हीच प्रत्येकाची सनद होती. बाबासाहेबांच्या योजनेला मात्र हे उदाहरण एक कठीण प्रश्न विचारते: राज्य ज्याच्या हाती, तेच जर विश्रामधामवाल्यांचे दलाल झाले तर? अँटिग्वा सरकारचा युक्तिवाद हाच होता की बार्बुडाची जमीन मुळात राजसत्तेची. लोक फक्त वापरणारे. २०२२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे जुन्या मालकाच्याच राजधानीतील न्यायालयाने, निर्णय दिला की त्या लोकांचा हक्क राज्यघटनेने संरक्षिलेली मालमत्ता ठरत नाही.

मे २०२४ मध्ये लहान बेटांच्या राष्ट्रांची संयुक्त राष्ट्रांची चौथी परिषद भरली, ती अँटिग्वातच. दहा वर्षांचा कार्यक्रम तेथे मंजूर झाला. समुद्र चढतो आहे, वादळे वाढत आहेत, आणि हा धूर आम्ही सोडलेला नाही, असे ही राष्ट्रे म्हणतात. ते शंभर टक्के खरे आहे आणि श्रीमंत देशांनी त्याची भरपाई दिलीच पाहिजे. पण लहान राष्ट्राच्या आतही लहान बेट असते. जगासमोर पीडित म्हणून उभे राहणारे सरकार बार्बुडासमोर जमीनदार म्हणून उभे राहते. शोषिताच्या आतील शोषित हा विषय आपल्या चळवळीला नवा नाही. दलित स्त्रीने तो आपल्यापुढे ठेवला आहे.

किंकेडने हे पुस्तक लिहिले तेव्हा यातले बरेच घडायचे होते, तेव्हा त्याचा दोष तिला देता येणार नाही. पण बार्बुडाची वहिवाट तेव्हाही होती. स्वातंत्र्याच्या वेळी आम्हाला अँटिग्वाबरोबर जायचे नाही, असे बार्बुडाने म्हटले होते. आपल्या लहान जागेला आणखी एक लहान जागा आहे, हे तिच्या संतापाला पुरेसे दिसले नाही. दुसऱ्याच्या नजरेवर सगळी नजर रोखली की असे होते: पर्यटक कसा पाहतो यावर ग्रंथ होतो, तो उभा आहे ती जमीन कुणाची यावर परिच्छेदही होत नाही. आपल्या विद्रोही वाङ्मयातही अपमानाचे चित्रण जेवढ्या सामर्थ्याने आले तेवढ्या सामर्थ्याने सातबारा आला नाही.

‘अ स्मॉल प्लेस’ मराठीत यावे, अशी माझी इच्छा आहे. पुस्तक शंभरेक पानांच्या आतले आहे, भाषा वरवर सोपी आहे, आणि विद्यार्थ्यांना एका बैठकीत वाचता येईल. भाषांतरकाराने ‘तू’ वापरावे. प्रस्तावनेत किंवा परिशिष्टात बार्बुडाची हकीकत द्यावी, २००७ च्या कायद्यातील मुख्य कलमे द्यावीत, आणि फेब्रुवारी २०२४ चा प्रिव्ही कौन्सिलचा दुसरा निर्णयही द्यावा. त्यात विमानतळाच्या परवानगीला आव्हान देण्याचा अधिकार बार्बुडाच्या रहिवाशांना आहे, असे मान्य झाले. खालच्या न्यायालयाने तो नाकारला होता. निर्णय येईपर्यंत विमानतळाचे काम कितीतरी पुढे गेले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो सुरू झाला.